दिनकर धोंडो कर्वे

दिनकर धोंडो कर्वे (१८९९ - १९८०) हे मराठी रसायनशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ व अनुवादक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. महर्षी धोंडो केशव कर्वे व आनंदीबाई कर्वे यांचे ते पुत्र, तर संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे हे त्यांचे सावत्र बंधू होत. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे या त्यांच्या पत्नी होत्या.

शिक्षण व विवाह

दिनकररावांनी जर्मनीत रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९२६ मध्ये त्यांचा विवाह इरावती करमरकर यांच्याशी झाला. इरावतीबाईंनी त्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषयात पदवी मिळवली आणि पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला.

इरावतीबाईंच्या संशोधनाला पाठबळ

पत्नीने पुढील संशोधनासाठी जर्मनीस जावे, असा दिनकररावांचा आग्रह होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्वे यांना मात्र हा बेत पसंत नव्हता. वडिलांचा विरोध असूनही दिनकरराव आपल्या निर्णयावर ठाम राहिले. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन प्रवासाची तजवीज झाली. १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असममितीवरील प्रबंधासाठी १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९३९ पासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कार्यरत होत्या. मानवमितीच्या मोजमापांसाठी व नातेसंबंधांच्या अभ्यासासाठी त्यांना देशभर भ्रमंती करावी लागे. पत्नीची विद्वत्ता आपल्याहून श्रेष्ठ आहे, हे दिनकररावांनी मनोमन मान्य केले होते. म्हणून घरातील आर्थिक व्यवहार त्यांनी स्वतःकडे घेतले. पत्नीच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आणि पर्समध्ये पैसे आहेत ना, हेही तेच पाहत. नवऱ्याचा उल्लेख नावाने करणे अशिष्ट मानले जाण्याच्या काळात इरावतीबाई त्यांना ‘दिनू’ अशी हाक मारीत.

लेखन

मराठी आत्मकथनांतील निवडक भागांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी ‘द न्यू ब्राह्मन्स : फाइव्ह महाराष्ट्रियन फॅमिलीज’ (१९६३) या ग्रंथात संपादित केले. त्यात इरावतीबाईंचाही लेख आहे.

कुटुंब

लेखिका जाई निंबकर, शास्त्रज्ञ आनंद कर्वे व लेखिका गौरी देशपांडे ही त्यांची अपत्ये. इरावतीबाईंचे ११ ऑगस्ट १९७० रोजी निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८० मध्ये दिनकररावांचे निधन झाले.