चंद्रशेखर आणि न घासणारं घर्षण

३१ जुलै १९३०. मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीवर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचा १९ वर्षांचा पदवीधर होता, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. आपण या वयात एम-थ्री सुटला म्हणून पार्टी मागतो. या पठ्ठ्याने बोटीवर बसून विझत्या ताऱ्यांचं गणित मांडलं. त्यातूनच सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची प्रसिद्ध मर्यादा आली.

११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी ते सगळं मांडलं. पाठोपाठ एडिंग्टन उठले आणि भर सभेत खिल्ली उडवली. काही मोठे शास्त्रज्ञ खासगीत चंद्रशेखरांच्या बाजूचे होते, पण जाहीरपणे कोणी तोंड उघडलं नाही. मला तर थट्टेपेक्षा हेच जास्त झोंबतं.

१९३७ ला ते अमेरिकेत यर्किस वेधशाळेत गेले. १९३९ ला सगळं काम एका पुस्तकात लिहिलं आणि विषयच बदलला! आता ताऱ्यांच्या गर्दीतली गती. १९४३ ला त्यांनी 'गतिकीय घर्षण' दाखवलं. समजा, वाशी स्टेशनवर एखादा हिरो उतरला. तो चालतो तशी मागे गर्दी जमते आणि त्यालाच मागे खेचते. हिरो जितका मोठा तितकी गर्दी जास्त. झपकन पळाला तर कमी. जड वस्तू ताऱ्यांमधून जाते तेव्हा असंच होतं. कोणी कोणाला घासत नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं.

गणित होतं ताऱ्यांचं, पण पुढे ते दीर्घिकांना लागू पडलं. समूहात शिरलेली दीर्घिका वेग गमावत केंद्राकडे सरकते. तिथे जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी (चंद्रामुळे आपल्या खाडीला भरती येते तोच प्रकार). या ताणाने तिचे तारे सुटून समूहभर विखुरतात. अगदी हलक्या दीर्घिकांना मात्र हे घर्षण फारसं जाणवत नाही; त्यांना हा ताण आणि शेजारून जाणाऱ्या मोठ्यांचे धक्केच फाडतात. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये प्रत्येक कण मोजणं परवडत नाही, तेव्हा आजही चंद्रशेखरांचंच सूत्र घालतात.

नोबेल मिळालं १९८३ ला, बोटीनंतर ५३ वर्षांनी! डिसेंबर १९९२ मध्ये पुण्याच्या आयुकाच्या लोकार्पणाला ते आले आणि बोलले कशावर, तर मोनेची चित्रं आणि सापेक्षता. २१ ऑगस्ट १९९५ ला शिकागोत ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी धनू राशीत एक लहान दीर्घिका सापडली होती. तिला आपलीच आकाशगंगा फाडत आहे.