पंडित भगवानलाल इंद्रजी

गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर जुनागड शहरानजीक एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा, क्षत्रप रुद्रदामा याचा इ. स. १५० च्या सुमाराचा लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त याच्या काळचा लेख, असे तीन निरनिराळ्या राजवटींचे लेख कोरलेले आहेत. शेकडो वर्षे यात्रेकरू त्या शिळेजवळून जात येत. परंतु ती अक्षरे कोणासच वाचता येत नसत. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या लिपीचा उलगडा केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३९ च्या नोव्हेंबरात, त्याच जुनागडात भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म झाला.

घराणे नागर ब्राह्मणांचे असून वैद्यकी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. मुलाने संस्कृत शिकावे व औषधोपचार करावा, एवढीच अपेक्षा. इंग्रजी शाळेचा लाभ त्यांस झाला नाही. परंतु गावाबाहेरच्या त्या शिळेने बालपणीच त्यांच्या मनाची पकड घेतली. प्रिन्सेप यांनी सिद्ध केलेला अक्षरांचा तक्ता त्यांनी मिळविला आणि शिळेसमोर बसून एकेक अक्षर ताडून पाहत ते स्वतःच वाचावयास शिकले. त्यांचा गुरू कोण, असे विचारल्यास ती शिळाच होय, असे म्हणावे लागेल.

या तरुणाची कीर्ती फॉर्ब्स साहेबांच्या द्वारे मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. डॉक्टर मूळचे गोमंतकातील मांद्र्याचे. रोग्यांचे आधारस्तंभ, आणि प्राचीन इतिहासाचेही तितकेच भोक्ते. १८६१ साली भगवानलाल मुंबईस आले, आणि पुढे तेरा वर्षे गुरुशिष्यांचा हा संबंध अभंग राहिला. डॉक्टरांनी खर्च सोसावा आणि शिष्याने देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे, नाणी व हस्तलिखिते गोळा करून आणावी, असा क्रम होता. या प्रवासात ते उत्तरेस नेपाळपर्यंत जाऊन आले. मथुरेस शीतलादेवीच्या स्थानी पायऱ्यांत बसविलेला एक तांबड्या दगडाचा सिंहशीर्ष १८६९ साली त्यांच्या दृष्टीस पडला. त्यावर खरोष्ठी लिपीत क्षत्रप राजुवुल याच्या कुळातील माणसांची नावे निघाली. नित्य येणाऱ्याजाणाऱ्यांस जी केवळ पायरी होती, ती या डोळस माणसास राजवंशाची साक्ष ठरली.

१८७४ साली भाऊ दाजी निवर्तले व भगवानलालांचा आश्रय नाहीसा झाला. तोपर्यंत त्यांच्या श्रमाचे पुष्कळसे फळ डॉक्टरांच्या निबंधांतून जगापुढे आले होते. आता त्यांस स्वतःच्या नावाने लिहिणे प्राप्त झाले. पण विद्वानांची मासिके इंग्रजी, आणि हे लिहिणार गुजराती! तथापि जे खरे आहे ते कोणत्याही भाषेत खरेच असते. ते गुजरातीत लिहीत आणि डॉक्टर ब्यूलर यांच्यासारखे मित्र त्याचे इंग्रजी करून देत. १८७७ साली प्राचीन अंकांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १८८० साली नेपाळातील तेवीस लेख प्रकाशात आले. नाशिक, नाणेघाट वगैरे ठिकाणच्या लेण्यांतील लेखही त्यांनी बारकाईने तपासले.

अंकांच्या या ज्ञानाचा उपयोग त्यांनी नाण्यांच्या कामी कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या क्षत्रप राजांची रुप्याची नाणी नखाएवढी असतात. वजन सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याच्या मस्तकामागे शकाचा आकडा. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, चंद्र व सूर्य, आणि सभोवती राजाचे व त्याच्या पित्याचे नाव. त्या काळच्या अंकपद्धतीत शंभरास एक चिन्ह, पन्नासास दुसरे व तीनास तिसरे. तिन्ही एकापुढे एक ठेवली म्हणजे एकशे त्रेपन्न. हा शक, म्हणून त्यात अठ्याहत्तर मिळविले की इसवी सन निघतो. परंतु नाणे लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे कोठे निम्मेच नाव उमटते, कोठे आकडा काठाबाहेर जातो. म्हणून एकाच राजाची अनेक नाणी समोर मांडून, एकावर जे तुटले ते दुसऱ्यावरून पुरे करावे लागते. अशा चिकाटीने त्यांनी बापामागून मुलगा, भावामागून भाऊ, अशी क्षत्रपांची वंशावळ सालवार जुळवीत आणली. ज्या राजांचा सविस्तर इतिहास कोणत्याही ग्रंथात नव्हता, तो त्यांच्याच नाण्यांनी सांगितला.

१८८२ च्या एप्रिलात वसईजवळच्या सोपारा येथे, लोक ज्यास बुरूड राजाचा कोट म्हणत, तो उंचवटा त्यांनी उकरविला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, तीत आठ मूर्तींनी वेढलेला तांब्याचा करंडा, आणि त्याच्या पोटात एकात एक ठेवलेले रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडे! सर्वांच्या आत मातीच्या भांड्याचे लहान तुकडे जपून ठेवलेले होते. या ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे एक रुप्याचे नाणेही होते. सोन्याच्या करंड्याहून या नाण्याचे मोल इतिहासकारास कमी नाही. कारण सोने आपला काळ सांगत नाही, नाणे सांगते.

लायडनच्या विद्यापीठाने त्यांस सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. परंतु प्रकृती खालावत गेली आणि १८८८ च्या मार्च महिन्यात, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, वाळकेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा निबंध अपुरा राहिला होता. तो रॅप्सन यांनी संपादित करून १८९० साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आयुष्यभर जमविलेला ठेवा त्यांनी घरी ठेवला नाही. मृत्युपत्रान्वये नाणी व मथुरेचा सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे गेला, आणि हस्तलिखिते मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेकडे आली. भाऊ दाजींचा ग्रंथसंग्रहही तेथेच आहे. गुरुशिष्यांचे ग्रंथ असे एकाच छपराखाली राहिले.

विद्यार्थिमित्रांनो, जुने नाणे सापडले की ते घासून चकचकीत करण्याचा मोह आपल्यास होतो. परंतु घासल्याने अक्षरे झिजतात, आणि नाणे कोठे व कशासोबत मिळाले याची नोंद न ठेवल्यास त्याची निम्मी साक्ष नाहीशी होते. घरातील पोथ्यांचेही असेच आहे; वाळवीने खाण्यापूर्वी त्या जाणत्या माणसास दाखवाव्या. भगवानलालांपाशी धन नव्हते आणि राजभाषाही नव्हती. जे डोळ्यांस दिसते तेवढेच लिहावे, जे पुसले आहे ते कल्पनेने भरू नये, हा प्रामाणिकपणा मात्र त्यांच्यापाशी होता. आणि त्या बळावर एका वैद्याच्या मुलाने विस्मृत राजांस त्यांची नावे परत मिळवून दिली.