भातखाचरातल्या बेडकाचे नामकरण

मृगाच्या सरी कोसळल्या, की कुडाळ परिसरातील भाताच्या मळ्यांतून संध्याकाळी एकच कोलाहल उठतो. तरवा काढणाऱ्या माणसाच्या पायांशी टुणकन उडणारा करड्या-तपकिरी रंगाचा इवलासा बेडूक इतका परिचित, की त्याच्याकडे निरखून पाहण्याची गरज कोणास वाटू नये. शास्त्रज्ञांचेही बराच काळ तसेच झाले होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्रावेनहोर्स्ट यांनी १८२९ मध्ये जावा बेटावरील एका लहान बेडकाचे 'राना लिम्नोकॅरिस' असे वर्णन केले आणि पुढे हिंदुस्थानापासून जपानपर्यंतच्या शेतांतील तशाच बेडकांना सरसकट तेच नाव चिकटले. सह्याद्रीतील बेडूक या गर्दीतून प्रथम वेगळा काढला तो नेल्सन ॲनन्डेल यांनी.

ॲनन्डेल यांचा जन्म १५ जून १८७६ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात शल्यविद्येचे प्राध्यापक होते. ऑक्सफर्डला शिक्षण झाल्यावर तरुण नेल्सन मलाया द्वीपकल्पातील मोहिमांवर गेले. तेथे माणसे आणि प्राणी या दोहोंचाही अभ्यास त्यांनी सारख्याच उत्साहाने केला. १९०४ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये दाखल झाले व १९०७ पासून तेथील प्रमुख बनले. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिले संचालकपद त्यांच्याकडेच आले.

गोड्या पाण्यातील स्पंज हा त्यांचा आवडीचा विषय. चिल्का सरोवर, ब्रह्मदेशातील इनले, जपानचे बिवा, पॅलेस्टाइनमधील गॅलिली अशी त्यांची भटकंती झाली. या माणसाला बेडकांसाठी सवड कशी मिळाली असेल, असे वाटते. पण पाणवठ्याकाठी बसणाऱ्याच्या जाळ्यात बेडूक येणारच! बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्या साथीने त्यांनी मैदानी प्रदेशातील बेडकांच्या पिल्लांवर लेखन केले. एतद्देशीय अभ्यासकाचे नाव आपल्या नावाशेजारी छापणे त्या काळी फारसे रूढ नव्हते. सुंदरलाल होरा आणि बैनीप्रसाद हे त्यांच्याच छायेत घडले व पुढे दोघांनीही या संस्थेचे संचालकपद भूषविले.

मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिजीवनावरील त्यांचा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातच सह्याद्रीच्या या बेडकाला 'सिहाड्रेन्सिस' हे नाव मिळाले. काम सोपे नव्हते. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या बेडकाचा रंग उडतो, कातडी आक्रसते. ज्या हाकेवरून नर आपल्या जातीच्या मादीला बोलावतो, ती हाक तर बरणीत साठवता येत नाही. उरतात शरीराचे आकारमान, पायांची लांबी, बोटांमधील पडदा आणि पाठीवरील चामखिळी. एकाच शेतातल्या दोन बेडकांतही यांत थोडाफार फरक पडतो. मग हा फरक वयाचा, जागेचा की जातीचा? ॲनन्डेल यांनी सावध पाऊल टाकले. स्वतंत्र जाती न मानता त्यांनी त्याला लिम्नोकॅरिसचा केवळ एक प्रकार ठरविले. हा सावधपणा काहीसा अधिकच होता, असे आज म्हणता येईल. परंतु हाती असलेल्या पुराव्यापलीकडे ते गेले नाहीत.

जानेवारी १९२४ मध्ये बंगळूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान उपभोगण्यास मात्र ते उरले नाहीत. १० एप्रिल १९२४ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते.

पुढील संशोधकांनी सिहाड्रेन्सिसला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. हाकांचे ध्वनिमुद्रण आणि डीएनए ही साधने हाती आल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या बेडकांची उकल वेगाने होऊ लागली. सिंधुदुर्गातच, आंबोलीत मिळालेला एक बिळात राहणारा बेडूक 'रुफेसेन्स' या जुन्या जातीत गणला जात असे. २०१७ मध्ये सोनाली गर्ग व एस. डी. बिजू यांनी तो निराळा असल्याचे दाखवून दिले. भातखाचरातल्या त्या इवल्या बेडकाचा गणही आता बदलला असून त्याला 'मिनर्व्हारिया सिहाड्रेन्सिस' म्हणतात. गण बदलला, की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात घालण्याचा प्राणिशास्त्राचा प्रघात आहे. त्यामुळे या नावापुढे आजही कंसात लिहिले जाते : ॲनन्डेल, १९१९.