विश्लेषण : डेस्कटॉपमध्ये पाण्याची नळी आली कुठून? सेमूर क्रे यांनी उष्णतेशी मांडलेला डाव

मे महिन्यात पेण किंवा रोह्यातल्या बंद खोलीत डेस्कटॉपवर लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावा. दहा मिनिटांत कॅबिनेटचे पंखे मिक्सरसारखे ओरडू लागतात. त्यामुळे स्वतः डेस्कटॉप जोडणारी मुले हल्ली पाण्यावर चालणारा कूलर मागतात. यूट्यूबवर तो नव्या जमान्याची चीज वाटतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात थंड द्रव फिरवण्याचा विचार साठ वर्षांहून जुना आहे. त्या विचारावर आयुष्य लावणाऱ्या इंजिनीअरचे नाव सेमूर क्रे.

मुळात पाणी कशाला?

कॉम्प्युटरने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती नष्ट करता येत नाही, फक्त हलवता येते. त्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, पट्टीतून वाहणारे पाणी, ते फिरवणारा छोटा पंप आणि कॅबिनेटच्या कडेला मोठा रेडिएटर, इतकाच हा संसार. रेडिएटर मोठा असला की त्यावरचे पंखे हळू फिरले तरी चालतात, आणि हळू फिरणारा पंखा आवाज करत नाही. शांतता मिळते ती अशी. पाणी स्वतः काही जादू करत नाही.

लहान गावातला इंजिनीअर

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स इथे झाला. नदीकाठचे हे गाव आपल्या पेणहूनही लहान. वडील सिव्हिल इंजिनीअर होते. दुसऱ्या महायुद्धात क्रे यांनी सैन्यात रेडिओचे काम केले, नंतर मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि गणित शिकले. १९५० च्या दशकात कंट्रोल डेटा म्हणजे सीडीसी ही नवी कंपनी निघाली, तिच्या सुरुवातीच्या इंजिनीअरांत ते होते. १९६० मध्ये त्यांचा सीडीसी १६०४ बाजारात आला. त्याच्या वंशातला सीडीसी ३६०० हा संगणक १९६४ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसला. देशभरातले शास्त्रज्ञ त्यावर गणिते सोडवून घेत.

मोठ्या शहरातल्या बैठका आणि साहेबगिरी त्यांना सोसत नसे. १९६२ मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी थेट चिपेवा फॉल्समध्ये प्रयोगशाळा बांधली. तिथे तयार झालेला सीडीसी ६६०० हा १९६४ चा जगातला सर्वांत वेगवान संगणक. पहिला सुपरकॉम्प्युटर म्हणून बहुतेक जण त्याचेच नाव घेतात. ३४ जणांच्या चमूने, त्यातही एक सफाई कामगार धरून, आपल्या अवाढव्य कंपनीला मागे कसे टाकले, असा जाब आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्याच अधिकाऱ्यांना लेखी विचारला होता.

उत्तराचा एक भाग नळ्यांमध्ये होता. वीज तारेतून कितीही जोरात धावली तरी एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे वेग हवा तर तारा आखूड हव्यात. त्यासाठी सुटे भाग एकमेकांना खेटून बसवायला हवेत, आणि खेटून बसवले की ते तापतात. बहुतेक कंपन्या आधी यंत्र बनवत आणि मग त्यावर पंखे चढवत. क्रे यांच्याकडे उष्णतेचा मार्ग पहिल्या आराखड्यातच असे. रेफ्रिजरेशनचे इंजिनीअर डीन राउश त्यांचे जुने सहकारी होते. ६६०० च्या आत फ्रीऑन वायूच्या नळ्या खेळवल्या होत्या आणि तो वायू आपली उष्णता बाहेरच्या थंड पाण्याला देई. (इंजिनीअरिंगला हीट ट्रान्सफर हा विषय केवळ पास होण्यापुरता करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.)

क्रे-१ : बाकड्यासारखा सुपरकॉम्प्युटर

पुढच्या एका यंत्रावर सीडीसीशी बिनसले. १९७२ मध्ये क्रे यांनी स्वतःची क्रे रिसर्च ही कंपनी काढली. १९७६ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पहिला क्रे-१ पोहोचला. वरून पाहिल्यास इंग्रजी सी अक्षरासारखा, खाली गोलाकार गादीचे बाकडे. ती शोभा नव्हती. तारा आखूड राहाव्यात म्हणून यंत्र वाकवले होते, आणि बाकड्याखाली वीजपुरवठ्याचे सामान होते. सर्वांत लांब तार जेमतेम चार फूट. वजन पाच टनांहून अधिक, आणि विजेची भूक सुमारे ११५ किलोवॉट, म्हणजे दीड टनाचे सत्तरेक एसी एकदम लावावेत इतकी. आज त्याच्या शेकडो पट आकडेमोड तुमच्या हातातला फोन करतो.

प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन सर्किट बोर्ड आणि मधे तांब्याचा पत्रा. पत्र्यातली उष्णता ॲल्युमिनियमच्या खांबांकडे आणि तिथून फ्रीऑनकडे जाई. आजच्या डेस्कटॉपमधली तांब्याची पट्टी याच घराण्यातली. पण पहिल्या यंत्राने रडवलेही. कॉम्प्रेसरचे वंगण सीलमधून झिरपून बोर्डांवर बसे आणि शॉर्ट होई. काही महिने त्यात गेले. आवाजाचे म्हणाल, तर कॉम्प्रेसर मुख्य कॅबिनेटपासून दूर ठेवलेले असत. गोंगाट संपला नव्हता, फक्त हलवला होता.

आपल्याकडे जमले असते?

फ्रीऑनचा प्रकार कोकणच्या जुलैत अवघड गेला असता. खोलीच्या हवेपेक्षा बरीच थंड नळी दमट हवेत घामाघूम होते आणि ते थेंब सर्किटवर पडतात. घरगुती वॉटर कूलिंगमध्ये ही भीती नाही, कारण पाणी कधीच खोलीपेक्षा थंड होत नाही. त्याचा दुसरा अर्थ असा, की खोली ३६ अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याच्या वरच राहणार.

स्वतः पाइप जोडायचे असतील तर बोअरचे पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ रोखणारे औषध घ्या. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नका, गंज धरतो. जोडून झाल्यावर दिवसभर फक्त पंप चालवा, खाली टिश्यू पेपर अंथरा, मगच बाकीच्या भागांना वीज द्या. एवढी उस्तवार नको असेल तर कंपनीतून बंद होऊन आलेला संच पुरतो. बिलिंग आणि टायपिंगसाठीच कॉम्प्युटर असेल तर मोठा हवेचा कूलर बरा; पैसे वाचतील.

शेवटचा डाव

१९८५ च्या क्रे-२ मध्ये बोर्ड इतके दाटीने बसवले होते की हवेला वाटच उरली नाही. मग क्रे यांनी अख्खे यंत्रच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवले. दुरुस्तीला आधी तो द्रव टाकीत उतरवावा लागे.

तोवर बाहेर वारे बदलले होते. स्वस्त मायक्रोप्रोसेसर शेकड्याने जोडून वेग मिळवता येतो हे दिसू लागले होते. अमेरिकेने भारताला सुपरकॉम्प्युटर देताना अटी घातल्या. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने याच मार्गाने परम ८००० बनवला. क्रे मात्र मोजकेच, पण अफाट वेगवान प्रोसेसर हवेत यावर ठाम राहिले. गॅलियम आर्सेनाइडच्या चिप्सवरचा क्रे-३ त्यांनी कोलोरॅडोत नव्या कंपनीत बनवला, पण तो विकला गेला नाही. मार्च १९९५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आपल्या मते हा हट्ट त्यांना महागात पडला, पण त्याच हट्टातून क्रे-१ आला होता.

सत्तरीत त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली, आणि या वेळी अनेक प्रोसेसरांच्या यंत्राकडे वळले. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ हायवेवर त्यांच्या गाडीला अपघात झाला. ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

काहीच वर्षांत घरातल्या साध्या चिप्सही इतक्या तापू लागल्या, की हौशी मंडळींनी मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि माशांच्या टाकीचा पंप आणून घरीच वॉटर कूलिंग केले. २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रत्यूष हा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. तो क्रे यांचे नाव लावणाऱ्या कंपनीचा होता. रायगडात पाऊस किती पडेल याची आकडेमोड त्यावर चाले, आणि त्याच्या कपाटांची उष्णता काढायलाही पाणीच फिरत असे.