विश्लेषण : आगरकरांचा ‘सुधारक’ कामगारवस्तीत का पोहोचला नाही?

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७मध्ये सुरू झाली. शहर तिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखते. त्यानंतर काही वर्षांनी, १८८५पासून, इथे ‘आजोबा गणपती’ बसू लागला. लोकमान्य टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा हा गणपती, असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात. गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतून लेझीम पथके आजही निघतात. आम्ही कष्टकऱ्यांच्या हिताचे बोलतो, तरी ते आमच्याकडे का येत नाहीत, असा प्रश्न पुरोगामी मंडळी दर निवडणुकीनंतर विचारतात. हा प्रश्न जुना आहे. गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यात तो ठळकपणे दिसतो.

आगरकरांना गरिबी ठाऊक नव्हती का?

उलट, त्यांच्याइतकी ती फार थोड्या संपादकांना ठाऊक असेल. १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. मिळेल ते काम करत, नातेवाइकांच्या आधाराने ते १८७५मध्ये मॅट्रिक झाले. डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री जमली. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण त्यांनी तुटपुंज्या पगारावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणे पत्करले. जानेवारी १८८१मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा पहिले संपादक आगरकरच होते. कोल्हापूर प्रकरणातल्या मजकुरावरून १८८२मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

मग ‘केसरी’ का सुटला?

आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, यावर मतभेद वाढत गेले. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण या विषयांवर आगरकरांना थांबायचे नव्हते. १८८७मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८मध्ये मराठी व इंग्रजी मजकुराचा ‘सुधारक’ सुरू केला. शास्त्रात काय लिहिले आहे, यापेक्षा बुद्धीला काय पटते, ही त्यांची कसोटी होती. याची किंमत त्यांनी मोजली. ते जिवंत असताना सनातन्यांनी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली.

‘केसरी’ लोकांना जवळचा का वाटला?

१८९१चा संमतिवयाचा कायदा हे याचे चांगले उदाहरण आहे. मुलींसाठी संमतीचे वय १० वरून १२ करणे, एवढाच त्याचा हेतू होता. आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, अशी भूमिका टिळकांनी घेतली. चर्चा मुलीच्या जिवावरून समाजाच्या स्वाभिमानावर गेली आणि तिथे तर्क कमी पडला. पुढे १८९३पासून टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर शिवजयंती आली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही मेळ्यात गाता येत होते. ‘सुधारक’ने वाचकाला त्याच्या घरातल्या चुका दाखवल्या, उत्सवाने त्याला गर्दीत मानाची जागा दिली.

हे केवळ भावनेचे राजकारण होते, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. १८९६-९७च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्या काळात ‘केसरी’ने शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतील हक्क समजावून सांगितले आणि पीक बुडाले असेल तर सारा भरू नका, असा सल्ला दिला. पोटाचा प्रश्न आणि अभिमान एकत्र आले. १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. गिरणी कामगारांचे तास ठरवणाऱ्या फॅक्टरी कायद्यांना मात्र त्या काळातील बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी विरोध केला होता. त्यामागे मँचेस्टरचा डाव आहे, असा त्यांचा संशय होता.

सुधारकांपैकी कुणीच कामगारांपर्यंत पोहोचले नाही का?

पोहोचले. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधु’चे संपादक होते. १८८४मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला दिले. १८९०मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांची सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही, असे त्यांच्याकडून वदवून घेतले. आगरकर ज्या प्रथेवर निबंध लिहीत होते, तिच्यावर लोखंडे वस्तरा धरणाऱ्या हातांशी बोलत होते.

आगरकर अपयशी ठरले का?

नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना, १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी ते दम्याने गेले. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ केले. आज त्यांची बहुतेक मते कायद्यात आहेत. पण त्यांचा वाचक प्रामुख्याने शिकलेल्या, पांढरपेशा घरातला होता आणि त्यांनी लढलेले बरेच प्रश्नही त्याच घरांतले होते. तेव्हाच्या गिरणी कामगाराला पहाटेच्या भोंग्याची आणि कापलेल्या मजुरीची चिंता होती.

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बाईला आजही आधी हजार विडीमागचा दर विचारावा लागतो. तो विचारणाराच तिच्याशी मुलीच्या लग्नाच्या वयाबद्दल बोलू शकतो. लोखंडे यांनी १८९०मध्ये हेच केले होते.