गरोदर बाईच्या ताटात औषध शोधणारी डॉक्टरीण

गाभण गाईला चाऱ्यात हयगय चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बाईच्या बाबतीत हीच गोष्ट सिद्ध करायला डॉ. लुसी विल्स विलायतेहून मुंबईला आल्या.

लुसीबाईंचा जन्म १८८८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र शिकल्या. नंतर लंडनला डॉक्टरीचं शिक्षण घेऊन १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या.

त्या वेळी गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धापा टाकत आणि कित्येकजणी दगावत. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. लुसीबाईंनी आधी रोगजंतू शोधले. ते काही सापडले नाहीत. मग या बाया खातात काय, ते बघितलं. भाजीपाला, फळं, दूध, मांस यांची वानवाच होती. घोडं तिथंच पेंड खात होतं.

यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क त्यांनी दिला, आणि रोगी बाया सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले. त्यांनी माकडांवरही प्रयोग केले. अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं, हे मात्र तेव्हा उमगलं नाही. त्याला नाव पडलं विल्स घटक. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढण्यात आलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव झालं फोलिक ॲसिड. १९४५ पर्यंत ते कारखान्यात बनवता येऊ लागलं.

लुसीबाई १९६४ मध्ये वारल्या. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. पाठीच्या कण्याचं व्यंग असलेलं बाळ आधी झालेल्या बायांनी दिवस जाण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं, तर तसं व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे पाऊण हिश्शाने घटलं. हे व्यंग पहिल्या महिन्यातच घडतं, म्हणून उशीर करून चालत नाही.

आज उपकेंद्रात मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड दोन्ही असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फोलिक ॲसिड देतात. गोळीने शौचाला काळी होते, म्हणून घाबरून बंद करू नये. चहाबरोबर घेऊ नये. पालेभाजी फार शिजवून तिचं पाणी ओतून देऊ नये. सत्त्व त्यातच जातं.

गोळ्या वाटल्याची नोंद रजिस्टरात होते, पण पुष्कळ पाकिटं ट्रंकेत पडून राहतात. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई आणि आशा ताईंनी गोळी पोटात गेली का, हेही विचारावं. आणि घरधन्याने सून शेवटी उरलंसुरलं खाते का, तेवढं बघावं. लुसीबाईंनी मुंबईत हेच तर बघितलं होतं.