याकोब 2:14-26 : रमाबाईंनी आधी काय पाहिलं?

आजचं वाचन : याकोबाचं पत्र 2:14-26



परवा रात्री आमच्या युवक संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाप्तिस्म्यावरून वाद पेटला. लहानपणी की मोठेपणी, शिंपडून की बुडवून, नेहमीचंच. मी एक वाजेपर्यंत वचनांचे संदर्भ टाकत होतो. सकाळी वर स्क्रोल केलं तर साडेदहाचा एक मेसेज दिसला. ग्रुपमधल्या एका ताईच्या वडिलांना तातडीने रक्त हवं होतं. त्याच्यावर आमच्या वादाचा ढीग पडला होता आणि त्यातले निम्मे मेसेज माझे होते. रक्त मिळालं, पण आमच्यापैकी कोणाकडून नाही.

आज हा उतारा उघडला आणि पहिल्या दोन-तीन ओळींतच अडकलो. मग पंडिता रमाबाई आठवल्या.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागोमाग गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ मैलोन्‌मैल पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, आणि 1882 मध्ये नवराही गेला. पदरी तान्ही मनोरमा. हे सगळं पंचविशीच्या आत!

1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहायला गेल्या. इथे थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे. या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलम इथे एक घर होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंनी ते काम पाहिलं. अशा बायकांशी कोणी मायेने वागतंय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सिस्टरने त्यांना योहानाच्या 4 थ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे आधी काम दिसलं, मग प्रश्न पडला, मग वचन. आम्ही मात्र ग्रुपवर वचनापासून सुरू करतो आणि तिथेच राहतो.

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गुपचूप सगळं मान्य करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्रैक्यावरून सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. ती लांबलचक पत्रं आज छापील मिळतात. आपल्या चर्चमध्ये एखादी मुलगी असं बोलली तर आपण तिला संडे स्कूल शिकवायला देऊ का, मला शंका आहे.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. घरच्यांचं दुखणं मला कळतं. मुलगी धर्मापासून तुटेल ही भीती खरी होती.

आणि मग 1896-97 चा मध्य प्रांतातला दुष्काळ. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध, म्हणून केडगावच्या शेतावर सोय केली. (हे दौंडच्या अलीकडचं केडगाव, नगरचं नव्हे.) नुसतं जेवण देऊन भागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेती, विणकाम, गाईगुरं, छापखाना, शाळा, सगळं मुलीच चालवायला शिकल्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. पुढे गुजरातचा दुष्काळ पडला आणि 1900 च्या सुमारास 'मुक्ती'त जवळजवळ 2000 जणी होत्या. एवढ्या जणींची रोजची भाकरी! माझं डोकं लगेच सर्व्हर लोडकडे जातं, पण तिथे बॅकअप नव्हता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कामाने तारण होतं असं रमाबाई कधीच म्हणाल्या नसत्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, त्याआधी नुसता धर्म हाती होता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. शारदा सदन तर त्याच्या आधीच सुरू झालं होतं. याकोब आणि पौल यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी या बाईंकडे जरा बघावं.

साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. टाइप जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी भाषांतराचं काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या.

ताईशी आज बोललो. काकांना आणखी एक बाटली लागणार आहे आणि ब्लड बँकेला बदली रक्त हवंय, कुठलाही गट चालेल. मी ऑफिस सुटलं की जातोय. कोणी येणार असाल तर फोन करा, ग्रुपवर टाकू नका.

उद्याचं वाचन : याकोब 3:1-12